प्रेमिलाचा धुण्याचा गोटा

धानाच्या बांध्यांवर प्लॉट पाडून त्या वस्तीला 'गंगासागर ले-आऊट' असं नाव देणाऱ्या माणसाला काय म्हणावं! अरे बाबा, दुसरं काही सुचलं नाही का तुला? गोंदियातून फुलचूरकडे निघालं की डाव्या हाताला ही बावीस घरं लागतात, आणि दर पावसाळ्यात ही वस्ती इमानेइतबारे आपल्या नावाला जागायची. गल्लीतून विटांची एक जुनी नाली होती. तिच्यात पावसाचं पाणी, न्हाणीचं पाणी, संडासाच्या टाकीतून वर आलेलं पाणी, सगळं एकत्र नांदायचं. एक तास धो धो झाला की नाली भरायची आणि वरच्या घरचं पाणी खालच्या घराच्या दारात जायचं. असं दारोदार फिरून ते शेवटी कोपऱ्यातल्या सतरा नंबरच्या प्लॉटवर, प्रेमिलाच्या घरात शिरायचं. तिथून पुढं त्याला वाटच नव्हती.

आणि पाणी शिरलं की मागोमाग ग्यानीराम यायचा.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण पावसाचा आवाज वाढला की घरात थांबायचा नाही. धोतर गुडघ्यावर खोचायचं, एका हातात बादली, दुसऱ्या हातात रबरी टोपलं, डोक्यावर युरियाचं पोतं, आणि तीन नंबरच्या घरातून निघून गल्लीच्या टोकाला. त्याची बायको कुंता मागून ओरडायची, "अवो, छत्री तं न्या!" पण तोवर हा चार घरं पुढे. प्रेमिलाकडे गेलं की पहिलं काम शिलाई मशीन उचलायचं. शाळेचे गणवेश शिवून तिनं घर चालवलं होतं. त्या मशीनच्या पायाला पाणी लागलं तर चुलीला लागल्यासारखंच. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं ती, मशीन खाटेवर. मग तांदळाचा पिंप. मग उंबऱ्यावर ओली माती आणि पोती घालून आडोसा. मग उपसा. दोन-दोन तास उपसा.

उपसून झालं की प्रेमिला तांदळाच्या पिठाचे चिले टाकायची, सोबत लसूण-टमाट्याची चटणी. फरशी ओली, म्हणून तिघंही खाटेवर पाय वर घेऊन बसायची: ग्यानीराम, प्रेमिला आणि तिची लेक आचल. आचल त्याला मामा म्हणायची. प्रेमिलाचा नवरा देवानंद काविळीनं गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून ती ग्यानीरामला राखी बांधत होती.

"सख्खा भाऊ नाई करत एवढं," वस्तीतली माणसं म्हणायची. मग ग्यानीराम मान खाली घालायचा. लोकांना खाली मान दिसली की विनय वाटतो. लोकांचं काय!

खरी गोष्ट ग्यानीरामला एकट्यालाच माहीत होती, आणि ती अशी होती.

ही सगळी वस्ती म्हणजे एकेकाळच्या त्याच्याच बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. एका बांधीचं पाणी धुऱ्याच्या तोंडातून खालच्या बांधीत, तिचं आणखी खाली. रोवणी झाली की धुऱ्याचं तोंड बुजवायचं आणि पाणी धरून ठेवायचं. कापणीआधी तेच तोंड उघडून पाणी सोडून द्यायचं. या कामात ग्यानीरामच्या हाताला तोड नव्हती. चिखल मळून, पायानं दाबून, वरून गवताचा थर देऊन त्यानं एकदा तोंड बुजवलं की थेंब गळायचा नाही. फुलचूरचे लोक त्याला तेवढ्या कामासाठी बोलावून न्यायचे. सगळ्यात खालच्या बांधीच्या कोपऱ्यात शेवटचं तोंड होतं. त्याच्या बापानं तिथं सिमेंटच्या तीन पायल्या पुरल्या होत्या. या मोठ्या नळांतून पाणी मागच्या पांदणीच्या गाडीवाटेखालून थेट नाल्यात पडायचं.

गोंदिया जिल्हा झाला आणि वर्षाच्या आत शहराच्या कडेच्या बांध्यांकडे लोक प्लॉट म्हणून पाहायला लागले. त्याच वर्षी कुंताच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला न्यावं लागणार होतं. ग्यानीरामनं राहतं घर सोडून सगळं प्लॉटवाल्या भैयाजीला दिलं. भैयाजी पाहणीला आला, कोपऱ्यातलं ते तोंड पाहून नाक मुरडलं. "ये गड्ढा देखून कोण घेईल हा प्लॉट? बंद कर दो. नाली होईल तेव्हा पाहू."

दुसऱ्या दिवशी कुंताला घेऊन नागपूरची गाडी पकडायची होती. ग्यानीरामनं एका दुपारात तोंड बुजवलं, जसं जन्मभर बुजवलं तसं. गुराढोरांच्या खुरानं उकरू नये म्हणून वर एक काळा चपटा गोटा टाकला. पावसाआधी येऊन उघडू, एवढंच त्याच्या मनात होतं. दरवर्षी बुजवलेलं तोंड दरवर्षी उघडणारा माणूस तो. बुजवलेलं तोंड कायमचं बुजलेलं राहू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. चूक झाली ती इथं. धानवाल्यालाच होऊ शकते अशी चूक.

कुंता वाचली. पण परत यायला दसरा उजाडला. पाहतो तर सतरा नंबरच्या प्लॉटवर भिंती उभ्या, मागं कंपाऊंड घातलेलं, आणि त्या काळ्या गोट्यावर एक तरणी बाई धुणं आपटते आहे. "पाहा नं भाऊ," ती आपणहून म्हणाली, "किती मस्त गोटा भेटला. घरासंगंच आला जसा." ती प्रेमिला. बाजूला झोळीत तान्ही आचल. ग्यानीराम 'हव, हव' म्हणून घरी आला.

त्यावेळी सांगितलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. पण पहिल्या दोन पावसात पाणी फारसं साचलं नाही, आजूबाजूचे प्लॉट रिकामे होते. मग घरं वाढली, अंगणात सिमेंट आलं, पाणी वाढलं. आता देवानंदला सांगू म्हणेपर्यंत देवानंदच गेला. आणि विधवा बाईसमोर जाऊन काय सांगायचं, की तुझ्या घरात पाणी भरतं ते मी भरतो? दरवर्षी ती गोष्ट आणखी जड होत गेली. मग त्यानं बादली उचलली. दुसरं करता येईना म्हणून हे करत राहिला. दहा पावसाळे.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात वस्तीत एकदम गडबड उडाली. नवी नाली मंजूर झाली होती. नाली म्हणजे नुसती नाली नाही: गल्लीच्या मधोमध खोल भूमिगत गटार, घरोघरी त्याचे चेंबर, आणि दोन्ही कडांना पावसाच्या पाण्यासाठी सिमेंटची वेगळी नाली. ज्यांनी नालीवर ओटे बांधले होते त्यांनी आधी बोंबा मारल्या, मग आपलेच ओटे फोडायला मिस्त्री शोधले. जेसीबी आली, पाइपांचा ढीग पडला, गल्लीत चालायची सोय उरली नाही. बायाबापड्या वाळूच्या ढिगाऱ्यावरून पाण्याच्या गुंड्या घेऊन कसरत करत जायच्या आणि कंत्राटदाराच्या सात पिढ्या आठवायच्या.

कामावर देखरेखीला रुचि नावाची एक पोरगी होती, पंचविशीतली इंजिनीअर. डोक्यावर पांढरा स्कार्फ, तीन पायांची दुर्बीण घेऊन ती चार दिवस गल्लीभर फिरली. पाचव्या दिवशी ती कोपऱ्यात येऊन थांबली आणि वस्तीतल्या जुन्या माणसांना बोलावलं.

"गटाराचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "तो पाइप खोल जाते, मोठ्या रोडच्या लाइनला मिळते. पण पावसाच्या नालीचं काय करू? सगळा उतार ह्या सतरा नंबरकडे आहे, आन् मोठ्या रोडची नाली इथून दोन फूट उंच. पानी चढावर कसं जाईन?" मग तिनं ग्यानीरामकडे पाहिलं. "काकाजी, ह्या बांध्या तुमच्याच होत्या म्हनतात. जुनं पानी कुठून निंगत होतं?"

पाच-सहा माणसं उभी होती. प्रेमिलाही होती, दारात, खांद्यावर टेप घेऊन.

"इथंच जिरत होतं, बाई," ग्यानीराम म्हणाला.

रुचिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "माह्या बाबाच्या बांध्या बोदलकसा तलावाच्या खालीच हायेत, काकाजी," ती आता पुरती आपल्या बोलीवर आली. "धानाच्या जमिनीत पानी जिरत असते होय?"

ग्यानीरामनं खाकरल्यासारखं केलं आणि खाली पाहिलं. यावेळी कोणाला विनय वाटला नाही, पण संशयही आला नाही. रुचि पुढं बोलली. दुसरा उपाय एकच. गल्लीचा रस्ता कोपऱ्याकडे दोन-अडीच फूट उचलायचा, म्हणजे नालीला उतार मिळेल. बाकी घरांना काही नाही. फक्त सतरा नंबरचं घर रस्त्याच्या खाली जाईल. "ताईंना घराची पातळी वाढवा लागेल," ती प्रेमिलाकडे न पाहता म्हणाली. पातळी वाढवायची म्हणजे घर नव्यानं बांधायचं, हे तिलाही कळत होतं.

प्रेमिला टेप गुंडाळत आत गेली. तीन दिवसांनी कळलं की ती घर विकायचं म्हणते आहे. जिल्ह्यातल्याच गोरेगावला तिच्या मावशीची एक खोली होती, बाजाराच्या बाजूला. तिथं शिलाईचं काम मिळेल, आचल तिथल्या शाळेत जाईल.

"तुमी कायले तोंड पाडून बसले, भाऊ?" ती ग्यानीरामला म्हणाली. "दहा वर्स तुमी उपसलं. अजून किती उपसान? तुमालेबी सुटका, मलेबी." आणि हसली. ग्यानीराम तसाच उठून घराकडे निघाला.

घरी आला तेव्हा दुपार होती. कुंता अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. भैयाजी, नागपूरची गाडी, चिखल, गोटा. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही, निवडत राहिली. शेवटी हात थांबला.

"मंजे मी नागपुरात पडून होती तवा."

"हव."

"मंजे माह्यासाठी."

"तुह्यासाठी नाई. मी केलं. सोताले कायले मधात आनतेस?"

"मीच आहो मधात," कुंता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडकच. "मी जिती रायली अन् ते पोरगी तिकडं पान्यात. अन् मी इथं बसून म्हनते, छत्री न्या. छत्री! बाप्पा रे बाप्पा! लाज नाई वाटली तुमाले तिच्या हातचे चिले खाताना?"

"वाटत होती."

"तरी खाल्ले."

"नाई खाल्ले असते तं तिनं इचारलं असतं."

कुंतानं सूप खाली ठेवलं. "आता तिच्या पाया पडाले जाऊ नका. पाया पडून मोकरं होनं लय सोपं हाय. जाऊन सांगा. अन् तिनं घरातून काढलं तं निघून या."

"अन् राखी?" ग्यानीरामनं विचारलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण विचारलं लहान पोरासारखं.

"राखी नाई बांधली तं नाई बांधली," कुंता म्हणाली. मग हळूच, "चहा पिऊन जा."

त्यानं चहा घेतला नाही. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खांद्यावर घेऊन तो गल्लीच्या टोकाला गेला. प्रेमिला मशीनवर बसली होती, निळ्या कापडाची रास पायाशी. सब्बल पाहून ती हसली. "काय भाऊ, भिंत पाडता का माही?"

"मागं चाल," तो म्हणाला. "दाखवाचं हाय."

मागच्या अंगणात कंपाऊंडच्या कोपऱ्यात तो काळा गोटा होता, बारा वर्षांच्या साबणानं गुळगुळीत झालेला. ग्यानीरामनं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि एका दमात सांगितलं. शब्द शोधले नाहीत, नाही तर पुन्हा गिळले गेले असते. याच्याखाली तोंड आहे. इथून पाणी नाल्यात जायचं. मी बुजवलं. उघडतो म्हणालो, उघडलं नाही. देवानंदला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, त्या रुचि बाईला पाच माणसांत खोटं सांगितलं.

प्रेमिला ऐकत होती. तिच्या तोंडात एक टाचणी होती, ओठांत धरलेली. ती तिनं काढून पदराला खोचली.

"दहा वर्स तुमी पानी उपसाले येत होते," ती म्हणाली. "ते माह्यासाठी येत होते का तुमच्यासाठी?"

ग्यानीरामला खोटं बोलता आलं असतं. पण आता त्याच्याकडे खोटं उरलं नव्हतं.

"पयले माह्यासाठी," तो म्हणाला. "मंग मंग तुह्यासाठी. कवा बदललं ते मले नाई समजलं."

प्रेमिला गोट्याकडे पाहत राहिली. पलीकडे जेसीबी घरघरत होती. "खोदा," ती म्हणाली आणि आत गेली. मशीनचा आवाज सुरू झाला, खटखटखट, एकसारखा, जणू काही झालंच नव्हतं.

रुचिला सांगायला तो स्वतः गेला. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं डोक्याचा स्कार्फ काढला, चेहरा पुसला, आणि म्हणाली, "मले वाटलंच होतं, काकाजी. पण कोनाच्या तोंडात हात घालून थोडंच काढता येते?" मग कागद काढून कामाला लागली. नवी नाली सतरा नंबरच्या बाजूनं मागं न्यायची, पांदणीखाली जुन्या पायल्यांच्या जागी मोठा पाइप टाकायचा, थेट नाल्यात. रस्ता उचलायची गरज नाही. फक्त प्रेमिलाच्या अंगणातून तीन फुटांची पट्टी लागणार होती आणि तिची सही. प्रेमिलानं कागद वाचला, सही केली, पेन परत दिलं. ग्यानीराम दारात उभा होता. ती त्याच्याकडे न पाहता मशीनवर जाऊन बसली.

खोदकामाच्या दिवशी छोटेलाल नावाचा मिस्त्री त्या तोंडाशी भिडला. गोटा उचलून बाजूला टाकला आणि खाली सब्बल मारली. सब्बल उडून परत आली. पुन्हा मारली. तासभर घाम गाळून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अरे बाप रे! बारा साल में एक बाल बराबर दरार नहीं," तो कौतुकानं म्हणाला. "जिसने भी बांधा है न काका, उस्ताद आदमी रहा होगा."

जन्मभर ग्यानीरामनं हे शब्द ऐकले होते आणि प्रत्येक वेळी छाती फुगवली होती. आज ते ऐकून त्याला जमिनीत जावंसं वाटलं. त्यानं छोटेलालच्या हातातून सब्बल घेतली. कुठं मारायची ते त्यालाच माहीत होतं. चिखलाच्या दोन थरांमध्ये जिथं गवत घातलं होतं, तिथं. दहा-बारा घावांत ढेकूळ सुटलं. आत काळोखी पायली दिसली, आणि तिच्यातून नाल्याकडची थंड हवा तोंडावर आली. खिडकीत प्रेमिला उभी होती. त्यानं वर पाहिलं तेव्हा ती आत सरकली.

जून संपता संपता काम उरकलं. नवी नाली, नवे चेंबर, वरून झाकणं. गल्ली अशी दिसायला लागली की बाया उगाच दोन चकरा जास्त मारायच्या. घर विकायचं प्रेमिलानं सोडून दिलं, हे ग्यानीरामला कुंताकडून कळलं, आणि कुंताला आचलकडून. आचल अजून मामा म्हणायची, पण घाईत, पळता पळता. पोरीला काही सांगितलं होतं का नव्हतं, कोण जाणे.

जुलैच्या मध्यात झड लागली. ती झड आठवते लोकांना; तीन दिवस सूर्य दिसला नाही, नाले फुगले, बसगाड्या अडल्या. पहिल्या दिवशी पावसाचा आवाज वाढला तसा ग्यानीराम सवयीनं उठला. धोतर खोचलं, बादली घेतली, टोपलं घेतलं, फाटकापर्यंत गेला. गल्लीतलं पाणी दोन्ही कडांनी नालीत उतरत होतं आणि मुकाट्यानं कोपऱ्याकडे पळत होतं. सतरा नंबरचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर कोणी पोती ठेवली नव्हती. तो उभा राहिला. मग परत आला आणि बादली पालथी घालून तिच्यावरच बसला.

"जा नं," कुंता म्हणाली.

"कायले जाऊ? पानी कुठं हाय?"

"पाहाले जा."

"बोलावलं तं नाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. उठला, फाटकापर्यंत गेला, परतला. कुंतानं भात वाढला तर चार घास खाऊन उठला. दहा वर्षं त्यानं देवाजवळ मागितलं होतं की हे पाणी थांबू दे. ते थांबलं, आणि आता त्याला त्या घरी जायला काही कारणच उरलं नव्हतं. हे त्यानं कुंताला सांगितलं नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारात सांगायची गरज उरते कुठं!

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. प्रेमिला. डोक्यावर युरियाचं पोतं, कंबर कसलेली, साडी पिंडऱ्यांपर्यंत भिजलेली. ती आत आली नाही. फाटकातच उभी राहिली.

"माहा धुन्याचा गोटा कुठं हाय?" ती म्हणाली. आवाज भांडायला आल्यासारखा.

ग्यानीराम उठून उभा राहिला. "मिस्त्रीनं बाजूले टाकला. भिंतीजवळ."

"तिथं टाकला मंजे झालं? महिना झाला, वाकून वाकून माही कंबर मोडली. ज्यानं काढला त्यानंच बसवून द्याचा नाई का? का तेबी मीच करू?"

"देतो नं," ग्यानीराम म्हणाला. "आत्ता देतो."

"अन् दुसरं," प्रेमिला म्हणाली. आता तिचा आवाज जरा फाटला. "तीन दिवस झाले झड लागून. दार उघडं ठेवून बसली मी. दहा वर्स पानी आलं की तुमी आले. आता पानी येत नाई, तं तुमीबी येत नाई? मंजे मी माह्या भावाले राखी बांधत होती, का बादलीले?"

कुंता मागून आली आणि ग्यानीरामच्या हातात छत्री ठेवली.

"राग माहा गेला नाई," प्रेमिला म्हणाली. "लगेच जानारबी नाई. जाईन तवा सांगीन तुमाले. पर तवापर्यंत येनं बंद कराचं नाई. बिनपान्याचे येऊन दाखवा एकडाव."

ती वळली आणि चालू लागली. ग्यानीराम तिच्या मागं निघाला. छत्री उघडायची दोघांनाही आठवण झाली नाही.

गोटा बसवायला अर्धा तास लागला. नालीच्या झाकणापासून हातभर सोडून, एका बाजूनं जरा उतार देऊन, म्हणजे धुण्याचं पाणी आपसूक न्हाणीच्या जाळीकडे जाईल. चिखल मळला, दाबला, पाय देऊन पाहिला. हलत नव्हता. प्रेमिलानं त्यावर एक बादली ओतली आणि दोघं पाणी जाताना पाहत राहिले. कुठं थांबलं नाही.

"हात धुवा अन् आत या," ती म्हणाली.

आत तव्यावर चिला टाकल्याचा आवाज आला. लसणाचा वास आला. मशीन आपल्या जागेवर होतं, जमिनीवर, चारही पायांवर उभं. आचलनं शाळेला सुट्टी म्हणून पुस्तकं पसरली होती. ती सरकवून तिनं मामाला जागा केली. ग्यानीराम सवयीनं खाटेकडे गेला, थांबला, आणि मग खाली बसला. बाहेर धो धो पाऊस आणि हा माणूस या घरात खाली मांडी घालून बसलेला, हे दहा वर्षांत पहिल्यांदा होत होतं. त्यानं तळहात फरशीवरून फिरवला. एकदा, दोनदा.

प्रेमिला ताटली घेऊन आली. "काय पाहून रायले?"

"काई नाई," तो म्हणाला. "कोरडी हाय."

"मंग?" तिनं ताटली त्याच्यासमोर ठेवली आणि स्वतःही खाली बसली. "आता रोजच कोरडी राहीन. रोज पाहाले येजा."